‘मित्राची गाडी आहे म्हणा’ : नाशिकहून दीवला मोटरहोम भाड्याने नेताना होणारी फसवणूक

मोटरहोमच्या (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, म्हणजेच कॅरव्हॅन) व्यवहारात पैसे बुडतात म्हटलं की लोकांना एवढंच वाटतं, की टोकन घेऊन माणूस पळाला असेल. तसं होतंच, इंटरनेटवरून उचललेले परदेशी गाडीचे फोटो, पाच हजारांचं टोकन आणि मग बंद फोन. पण ती फसवणूक निदान लवकर कळते. जास्त महागात पडतो तो दुसरा प्रकार. त्यात गाडी खरी असते, वेळेवर येते, दीवचा समुद्रही दिसतो, आणि भुर्दंड परतल्यावर कळतो.

त्या प्रकाराची सुरुवात बहुतेकदा एका वाक्याने होते : “चेकपोस्टवर कोणी विचारलंच, तर मित्राची गाडी आहे म्हणा दादा.” हे वाक्य ऐकलं की व्यवहार तिथेच सोडावा. का, ते इंदिरानगरमधल्या एका पाच जणांच्या कुटुंबाच्या हिशेबावरून कळेल.

सहा दिवसांचे रोज 8,500 प्रमाणे 51,000 रुपये भाडं आणि 25,000 डिपॉझिट ठरलं. ऑफिस नव्हतंच, ताबा पाथर्डी फाट्याजवळच्या पेट्रोल पंपावर. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली होती : मागे दोन बेड, बाहेरून ओढायची कनात, छतावर एसी, कॅसेट टॉयलेट (मैला साठवणारी टाकी बाहेर काढून रिकामी करायची). नंबरप्लेट पांढरी. पैसे यूपीआयने, पण क्यूआरवर नाव तिसऱ्याच माणसाचं, आणि वर सूचना : “रिमार्कमध्ये काही लिहू नका, आमचा अकाउंटंट गोंधळतो.” शिवाय ‘सिक्युरिटी’ म्हणून सही केलेला कोरा चेक.

परत आल्यावर 25,000 पैकी 3,200 हातात पडले. कापलेले पैसे असे : बॅटरी ‘मेली’ म्हणून 9,000, टॉयलेटचा पंप 4,500, कनातीचा हात वाकला म्हणून 6,000, साफसफाई 2,300. बिल एकाचंही नाही. भांडायला गेल्यावर उत्तर मिळालं, “भाडं कसलं? तुम्ही ओळखीत गाडी नेली होती. टोल नाक्यावर तुम्हीच सांगितलंत ना?”

म्हणजे खोटं बोलायची पहिली पाळी गिऱ्हाइकावर आणली, की पुढची सगळी तोंडं बंद. रिमार्क कोरा, पावती नाही, नाव वेगळं. हे सगळं विसरभोळेपणातून घडत नाही, ती पद्धत आहे.

आता पाटीचं. काळ्या अक्षरांची पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची, परमिटवाली. स्वतः चालवायला भाड्याने द्यायची गाडी असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. सेल्फ ड्राइव्हसाठीच्या 1989 च्या केंद्रीय योजनेत परवानाधारकाकडे किमान 50 गाड्या असण्याची अट आहे, आणि ती योजनाही मोटर कॅबसाठीची, म्हणजे छोट्या टॅक्सी-गाड्यांसाठीची. त्यामुळे एक-दोन कॅरव्हॅन बाळगणारा छोटा माणूस ‘सेल्फ ड्राइव्ह, सगळं लीगल’ म्हणत असेल तर त्याला कागद दाखवायला सांगा. अशा छोट्या व्यावसायिकाचा सरळ मार्ग म्हणजे पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट आणि त्याचाच ड्रायव्हर. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय आहे. ज्याच्याकडे ती नोंदणी असते तो प्रमाणपत्राचा फोटो मागितल्यावर लगेच पाठवतो. नसते तो तुम्हाला लोगो पाठवतो.

खासगी गाडी विनापरमिट भाड्याने फिरताना सापडली तर मोटार वाहन कायद्याच्या 192-अ कलमाखाली पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे, आणि गाडी अडकवून ठेवली तर सहल तिथेच संपली. पण दंडापेक्षा विमा मोठा. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर नाही’ ही अट छापलेलीच असते. पेठ रोडने सावळघाट, कोटंबी घाट उतरताना तीन टनांच्या वरची ही गाडी ब्रेक तापवते. कुठे ठोकली गेली आणि कंपनीला भाड्याचा सुगावा लागला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. मग मालक ते पैसे कोणाकडून काढणार? तुमचा कोरा चेक त्याच्याकडेच आहे. सही केलेल्या कोऱ्या चेकवर रक्कम भरायचा अधिकार कायदाच धारकाला देतो, आणि तो वटला नाही तर चेक न वटल्याबद्दलची, 138 कलमाची नोटीस तुमच्या घरी येते. कोरा चेक कोणत्याही कारणासाठी देऊ नका. डिपॉझिट द्यायचंच तर खात्यावर, ‘परतावा डिपॉझिट’ असं लिहून.

फोन ठेवण्याआधी गाडीचा नंबर मागा आणि एमपरिवाहन या सरकारी ॲपवर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, तरी आद्याक्षरं समोरच्या माणसाच्या नावाशी आणि खात्याशी जुळतात का ते कळतं. ‘वाहन वर्ग’ ही ओळ नीट वाचा. तिथे मोटर कॅरव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असायला हवं. ‘खासगी वापर’ असा शब्द जोडलेला असेल तर ती गाडी भाड्याची नाही. ‘ओम्नी बस, खासगी वापर’ दिसलं तर समजा, की मूळ सीटा काढून आतलं घर गॅरेजात ठोकलंय आणि आरसी तशीच आहे. फिटनेस, विमा, पीयूसीच्या तारखा परतीच्या तारखेच्या पुढच्या हव्यात, निघायच्या तारखेच्या नव्हे. ही चूक भलेभले करतात.

“तुमचं लायसन्स चालत नाही, आमचा ड्रायव्हर घ्या, 1,500 रोज जास्त” हीही एक जुनी युक्ती. भरलेल्या गाडीचं एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स पुरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते भाड्याच्या गाड्यांबाबतही स्पष्ट केलंय. ड्रायव्हर घ्यायचा तो परमिटच्या गाडीबरोबर येतो म्हणून, या धमकीने नव्हे. तसंच ‘गुजरात टॅक्स’ आणि ‘दीव एंट्री’ या नावाने वेगळे पैसे. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असेल तर राज्यांचा वाटा त्या परमिटच्या फीमध्येच धरलेला असतो. परमिट नसेल तर हा कुठला टॅक्स भरणार आहे?

दीवसाठी सगळ्यात हुशारीने कापतात ते किलोमीटरमध्ये. ‘किमीला 28 रुपये, रोज किमान 300 किमी धरून’ असा दर सांगतात. सहा दिवसांचे 1,800 किमी आधीच बिलात बसले. आता बेट किती मोठं? जेमतेम 40 चौरस किलोमीटर. किल्ल्यापासून वणाकबाराच्या मच्छीबंदरापर्यंत गेलात तरी एका बाजूला पंधरा किमी होत नाहीत. घोघला, नायडाच्या गुहा, फुदमचं गंगेश्वर, नागवा बीच, सगळं पकडून दिवसाला 30 किमी फिरणं म्हणजे डोक्यावरून पाणी. नाशिक ते दीव रस्त्याने वडोदरा, भावनगरवरून साडेसातशे किमीच्या आसपास पडतात. सुरतजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला जाणारी, गाड्या-माणसं नेणारी बोट (रो-पॅक्स फेरी) धरली तर सुरत-भावनगरचा 370 किमीचा वळसा समुद्रातून 90 किमीवर येतो, आणि चाकांवरचं अंतर एका बाजूला साडेचारशेच्या आसपास राहतं. दोन्ही बाजू आणि बेटावरचे चार दिवस मिळून हजार-अकराशे किमी. उरलेल्या सातशे किमीचे जवळजवळ वीस हजार रुपये न फिरताच जातात, फेरीचं तिकीट वेगळं. म्हणून सहलीचा दर दिवस + प्रत्यक्ष किमी असा ठरवा आणि ओडोमीटरचा फोटो दोन्ही वेळा काढा. फेरीचं भाडं गाडीच्या प्रकारावर ठरतं, त्यामुळे बुक करताना आरसीवरची लांबी सांगा, आणि जोडलेला गॅस सिलेंडर चालतो का ते तेव्हाच विचारा. धक्क्यावर ते ठरवायला बसलात तर बोट जाते.

‘नागवा बीचला लागून प्लॉट, पाणी-लाइटसह, 2,000 रात्र’ असंही विकतात. महाराष्ट्राच्या कॅरव्हॅन धोरणाचा केंद्रशासित दीवशी संबंध नाही, तेव्हा ‘धोरणानुसार मान्य पार्क’ ही थाप समजा. प्लॉट म्हणजे बऱ्याचदा एखाद्या हॉटेलचं मागचं आवार असतं. त्या हॉटेलला तुम्ही स्वतः फोन करा : 16 ॲम्पिअरचा सॉकेट आहे का, अर्थिंग आहे का, पाण्याचा पाइप किती लांब, टॉयलेटची कॅसेट कुठे रिकामी करायची. सहा ॲम्पिअरच्या सॉकेटवर एसी आणि इंडक्शन एकदम लावलं की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडणार, आणि त्याचंही खापर तुमच्यावर. दिवाळीत अख्खा गुजरात दीवला उतरतो. तेव्हाचं बुकिंग हॉटेलच्या लेखी होकाराशिवाय धरूच नका.

आता कापलेल्या 9,000 च्या बॅटरीकडे. ‘रात्रभर एसी बॅटरीवर चालतो’ असं सांगितलेलं होतं. गणित करून पाहा. 12 व्होल्टच्या 150 एएचच्या (ॲम्पिअर-तासांच्या) दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या म्हणजे 3,600 वॉट-तास. अशी बॅटरी निम्म्याच्या खाली नेली तर आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे वापरायचे 1,800, त्यातून इन्व्हर्टरची गळती वजा करून 1,500. एक टनाचा एसी चालू असताना हजार ते बाराशे वॉट खेचतो. सव्वा-दीड तास, कॉम्प्रेसर मधेमधे थांबला तर दोन-अडीच. रात्रभर चालतो म्हणणारा एकतर खोटं बोलतोय, नाहीतर तुम्ही बॅटरी पार निचरावी म्हणून बोलतोय, कारण आधीच मरणाला टेकलेल्या बॅटरीचे पैसे काढायला त्याला कोणीतरी हवंच असतं.

ते ओळखायला व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. ताबा देण्याआधी अर्धा तास इंजिन चालू ठेवलं की मीटर 13 च्या वर दाखवतो आणि बॅटरी ठणठणीत वाटते. इंजिन बंद करा, बाहेरची वायर काढा, सगळे दिवे, पंखा, फ्रिज चालू करून दहा मिनिटं थांबा. मग लोड बंद करून पाच मिनिटांनी मोजा. लेड-ॲसिड 12.6 ते 12.7 वर असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 11.9 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन नुकतंच बंद केलेलं असूनही तेवढ्याशा लोडने 12 च्या खाली गेली तर ती म्हातारी आहे. मीटरचा आकडा आणि बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष एकाच व्हिडिओत घ्या. बॅटरी लिथियमची असेल तर हे आकडे लागू नाहीत. ती बराच वेळ 13 च्या आसपासच राहते, तिथे तिच्या मॉनिटरचा टक्का टिपा.

टॉयलेटची कॅसेट 18 ते 20 लिटरची असते. पाच माणसांत ती दोन दिवसांत भरते, ओसंडली की वास सुटतो, आणि ‘साफसफाई’ त्यावरच लावतात. पाण्याचा पंप टाकी रिकामी असताना बराच वेळ चालू राहिला तर जळू शकतो; बिघडलेला पंप कधी थांबतच नाही. ताब्याच्या वेळी नळ सोडून बंद करा : पंप दोन-तीन सेकंदांत थांबला पाहिजे. न थांबला तर कुठेतरी गळती आहे किंवा पंप बिघडलाय. कनात पूर्ण उघडून, दोन्ही हात सरळ आहेत का ते बघून, मगच गुंडाळून घ्या. छताचा फोटो काठीला फोन बांधून घ्या, कारण तीन मीटर उंचीची गाडी झांपा दरवाज्याच्या आतल्या जुन्या गल्ल्यांत शिरली की एसीच्या कव्हरचा तडा कोणाच्या काळातला हे कोणी सांगू शकत नाही. (त्या गल्ल्यांत ही गाडी नेऊच नका, बाहेर लावून चालत जा.) आणि ‘खाली गंज धरला’ म्हणून पैसे मागितले तर हसून सोडा, चार दिवसांचा खारा वारा चॅसिस खात नाही. फक्त वाळूत गाडी उतरवू नका. रुतली तर ओढायचा खर्च खरोखरच तुमचा.

निघण्याआधी गाडीतला प्रत्येक कप्पा उघडा, बेडखालचा, सिलेंडरमागचा, स्टेपनीजवळचा. दीवमध्ये दारू मिळते, पण जाताना-येताना वाट गुजरातेतूनच आहे आणि तिथे दारूबंदी आहे. मागच्या गिऱ्हाइकाने राहिलेली बाटली कप्प्यात विसरली असेल आणि चेकपोस्टवर सापडली, तर ‘मित्राची गाडी’ म्हणणाऱ्याकडेच बोट जाणार. गाडीही जप्त होऊ शकते.

आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार (ज्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात) द्या आणि प्रतीवर कशासाठी, कोणत्या तारखेला हे आडवं लिहा. यूपीआयचा रिमार्क कोरा ठेवा म्हटलं तर मुद्दाम लिहा : ‘कॅरव्हॅन भाडं, 6 दिवस’ आणि गाडीचा एमएच 15 चा पूर्ण नंबर. बँकेच्या उताऱ्यात ती ओळ राहते आणि ‘ओळखीत दिली होती’ म्हणणं तिथेच अडतं.

फसलाच असाल तर दोन वाटा वेगळ्या आहेत. टोकन घेऊन माणूस गायब झाला असेल तर तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा; पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, दुसऱ्या दिवशी सहसा नाही. डिपॉझिट दाबलं असेल तर पोलीस ठाण्यात ‘दिवाणी बाब आहे’ ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. तिथे 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, मग लेखी नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्याच आयोगाकडे तक्रार करता येते, समोरचा कुठलाही असो. व्यवहार पाच लाखांच्या आतला असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. कापलेल्या प्रत्येक रकमेचं जीएसटी बिल आणि काढलेला जुना भाग, दोन्ही नोटिशीतच मागा.

फोटो-व्हिडिओंच्या मूळ फाइल्स फोनमध्येच ठेवा, कारण व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो वेळ-ठिकाणाची माहिती गमावून बसतो. चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, नुसते स्क्रीनशॉट नकोत. आणि हे सगळं पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाचं प्रमाणपत्र जोडा; त्याचा नमुना त्या कायद्याच्या शेवटी अनुसूचीत दिलेला आहे.