पोस्टग्रेस १८चं एक्सप्लेन ॲनालाइझ: इंडेक्सचा खरा हिशोब

मी पतसंस्थांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर सांभाळते. खातेउतारा निघायला वेळ लागला की काउंटरवर रांग वाढते आणि सल्ला हमखास येतो, "एक इंडेक्स टाका की." इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी, नोंद पटकन शोधून देणारी यादी. तो टाकणं सोपं आहे. तो वापरला जातोय का, आणि नसेल तर का नाही, हे कळणं महत्त्वाचं. त्यासाठी माझा सगळ्यात जास्त भरवसा पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एक्सप्लेन ॲनालाइझवर आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, प्रत्यक्ष चालवून ती कोणत्या मार्गाने गेली आणि किती वेळ लागला ते दाखवणारं हे साधन. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीत ते आणखी कामाचं झालंय.

आधी एक आग्रह. चाचणीचं टेबल छोटं ठेवू नका. चार पानांत (पान म्हणजे डेटाबेस एका वेळी वाचतो तो तुकडा) मावणाऱ्या टेबलासाठी प्लॅनर, म्हणजे क्वेरीचा मार्ग ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग, इंडेक्सकडे ढुंकूनही बघत नाही, आणि ते बरोबरच आहे. जनरेट सिरीज या क्रमवार आकडे तयार करणाऱ्या फंक्शनने १० लाख व्यवहार भरा, मग नुसती ॲनालाइझ ही वेगळी आज्ञा चालवा, म्हणजे प्लॅनरकडे ताजी आकडेवारी असेल. एक ओळ सुमारे १०० बाइटची धरली तर ८ केबीच्या पानावर ८०च्या आसपास ओळी बसतात, म्हणजे टेबल साडेबारा हजार पानांचं. इंडेक्स नसताना एक व्यवहार शोधायला ही सगळी पानं चाळावी लागतात. व्यवहार क्रमांकावर बी-ट्री (झाडासारख्या रचनेचा नेहमीचा) इंडेक्स असेल तर इंडेक्सची तीन पानं आणि टेबलाचं एक, अशा चार पानांत काम होतं. हा फरक 'बफर्स'च्या, म्हणजे किती पानं लागली ते सांगणाऱ्या, ओळीत सरळ दिसतो. मी मिलिसेकंदांच्या आधी हीच ओळ वाचते, कारण तीच क्वेरी दुसऱ्यांदा चालवली की पानं मेमरीत असतात आणि वेळ उगाचच छान दिसतो. पूर्वी बफर्स वेगळं मागावं लागायचं. १८मध्ये एक्सप्लेन ॲनालाइझबरोबर ते आपोआप येतं. या एका बदलासाठीही मी आवृत्ती बदलली असती.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र स्किप स्कॅन. आमच्याकडे शाखा आणि तारीख असा जोड-इंडेक्स असतो. आजवर नुसत्या तारखेने शोधलं की त्याचा फारसा उपयोग व्हायचा नाही, कारण पहिला कॉलम शाखेचा. आता प्लॅनर एकेका शाखेत उडी मारून ती तारीख शोधू शकतो, आणि 'इंडेक्स सर्चेस' या नव्या ओळीत तो इंडेक्समध्ये किती वेळा शिरला तेही दिसतं. शाखा मोजक्या असतील तर हे झकास चालतं. पहिला कॉलम खाते क्रमांकाचा असेल, म्हणजे वेगवेगळे क्रमांक हजारोंनी असतील, तर आशा धरू नका. तिथे तारखेचा वेगळा इंडेक्सच हवा.

इंडेक्स असूनही सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे सगळं टेबल ओळीने वाचणं, दिसलं की लोक डेटाबेसला दोष देतात. बहुतेक खाती चालू असताना चालू खात्यांची यादी मागितली तर सगळं टेबल वाचणंच स्वस्त पडतं. बंद खाती थोडी असतात, तेव्हा फक्त त्यांच्यापुरता पार्शल इंडेक्स करा. खातरी करायची असेल तर एनेबल सीक्स्कॅन हे सेटिंग तात्पुरतं बंद करून दोन्ही प्लॅन शेजारी ठेवून बघा. लाइव्ह सर्व्हरवर मात्र ते बंद ठेवू नका.

आडनावाच्या शोधाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. 'कुल'पासून सुरू होणारी नावं लाइक या नमुना जुळवणाऱ्या अटीने शोधताना डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारे नियम) 'सी' नसेल तर साधा इंडेक्स त्या कामी येत नाही. टेक्स्ट पॅटर्न ऑप्स हा पर्याय लावून केलेला इंडेक्स येतो. मराठी नावांवर चालणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हे तपासायलाच हवं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. प्लॅनचं, म्हणजे क्वेरीच्या पायऱ्यांचं, झाड आतून बाहेर वाचावं लागतं, आणि लूप्स (एखादी पायरी किती वेळा चालली) एकापेक्षा जास्त असतील तर दाखवलेला वेळ एका फेरीचा सरासरी असतो, गुणाकार आपणच करायचा. नवख्या माणसाची इथेच दिशाभूल होते. शिवाय एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं. डिलीट किंवा अपडेट तपासायचं असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच तपासा, म्हणजे बदल मागे घेतला जातो. इंडेक्स न बांधता 'असता तर काय' हे बघायची सोयही मूळ पोस्टग्रेसमध्ये नाही. त्यासाठी हायपोपीजी हे एक्स्टेन्शन घ्यावं लागतं. ते चांगलं आहे, पण काल्पनिक इंडेक्स फक्त साध्या एक्सप्लेनमध्ये दिसतो, प्रत्यक्ष वेळ मोजता येत नाही.

पैसे शून्य, कागदपत्रं उत्तम. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

आणि वेग मिळाला म्हणून इंडेक्स साठवत बसू नका. प्रत्येक नवी नोंद त्या सगळ्यांत लिहावी लागते, आणि व्याज जमा करायच्या दिवशी ते जाणवतं. पीजी स्टॅट यूजर इंडेक्सेस या आकडेवारीच्या तक्त्यात कोणता इंडेक्स किती वेळा वापरला आणि शेवटचा कधी, हे दोन्ही मिळतं. काढून टाकण्याआधी रेप्लिकावरचे, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवरचे, आकडेही बघा. तिथली मोजणी वेगळी असते, आणि अहवाल बहुधा तिथूनच निघत असतात.