माहितीपत्रक करायचंय, पण 'होळकर'चा 'होलकर' नको

माझा मामेभाऊ इंदूरहून यात्रेच्या गाड्या लावतो. पुण्या-नाशिकची मंडळी येतात. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर असं तीन दिवसांत फिरवून, सकाळचे पोहे-जिलेबी धरून, परत स्टेशनला सोडतो. गेल्या वर्षी त्याने तीन घड्यांचं माहितीपत्रक छापून घेतलं. मजकूर वर्डमध्ये नीट लिहून दिला होता, पण प्रेसच्या ऑपरेटरने तो आपल्या हिंदी फॉन्टात नव्याने टाइप केला. 'अहिल्याबाई होळकर'चं झालं 'होलकर' आणि 'दुसऱ्या दिवशी'चं 'दुसर्या दिवशी'. ऑपरेटरला तरी काय म्हणणार! इकडच्या पाट्यांवर तो जन्मभर 'होलकर'च वाचत आलाय.

यंदा त्याने आधीच विचारलं, "दादा, पैसे फार लागणार नाहीत आणि मला जमेल असं काहीतरी सांग." म्हणून पत्रक करायला मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी एकच ओळ टाकून पाहायचं ठरवलं: 'दुसऱ्या दिवशी अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरात'. ही ओळ धड उमटली तर पुढचं बोलायचं.

कॅनव्हा ब्राउझरमध्ये चालतं, फुकट खातं मिळतं आणि अर्ध्या तासात काहीतरी देखणं तयार होतं. देवनागरीसाठी मुक्ता, हिंद, बालू हे फॉन्ट आहेत. 'ळ' आणि 'ऱ्या' दोन्ही व्यवस्थित. अडचणी दुसऱ्याच आहेत. ब्रोशरचे बरेच नमुने अमेरिकी लेटर मापाचे असतात आणि आपल्याकडे कागद ए-४, म्हणजे २९७ × २१० मिमी. तयार डिझाइनचं माप बदलून देण्याची सोय पैसेवाल्या प्रोमध्ये आहे, तेव्हा सुरुवातीलाच माप स्वतः टाकून पान उघडायचं. मुकुटाची खूण असलेली चित्रंही फुकटात नाहीत. छपाईसाठीची पीडीएफ ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कडेबाहेर वाढवलेला भाग) आणि कटमार्कसकट (कुठे कापायचं त्या खुणा) फुकट उतरते, मात्र सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, प्रोमध्येच. फुकट खात्यातली फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत जाते आणि स्क्रीनवरची निळीशार नर्मदा कागदावर थोडी मळकट दिसते. प्रूफ, म्हणजे छापलेला नमुना, पाहिल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही, एवढं पाळलं तर चालून जातं. मंडळ किंवा संस्था नोंदणीकृत असेल तर कॅनव्हाची ना-नफा संस्थांसाठीची मोफत योजना आहे, अर्ज करून बघा.

स्क्रायबस पूर्ण फुकट, नेट लागत नाही, सीएमवायके आणि ब्लीड सगळं आहे. प्रेसवाला खूश होईल असं सॉफ्टवेअर. पण जुनं १.४ घेऊ नका, त्यात देवनागरीची वाट लागते. २०२४ च्या जानेवारीत आलेलं १.६ किंवा त्यापुढचं घ्या. पहिली संध्याकाळ मात्र चिडचिडीत जाते. इथे थेट पानावर लिहायचं नसतं, आधी चौकट आखायची, मग तिच्यात मजकूर भरायचा. दरवर्षी सोळा पानी स्मरणिका काढणाऱ्यांनी हे शिकावंच. वर्षातून एकदा एक पत्रक काढणाऱ्याने कशाला?

लिब्रेऑफिस ड्रॉ साधं आहे, देवनागरी चोख. रंग आरजीबी, देखणे नमुने जवळजवळ नाहीतच. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सच्या पत्रकाला बेस्ट.

अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर २०२५ च्या ऑक्टोबरपासून फुकट झालंय आणि ताकदीचं आहे. मात्र आवृत्ती २ पर्यंत त्यात जोडाक्षरं तुटायची. नवं उतरवलंत तर पहिल्यांदा ती होळकरांची ओळ टाका. मायक्रोसॉफ्टचं पब्लिशर आता नव्याने शिकू नका, कंपनी २०२६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा पाठिंबा बंद करतंय. कोरलड्रॉ प्रेसवाल्यांचं हत्यार, एका पत्रकासाठी विकत घेणं म्हणजे लिंबू पिळायला उसाचा चरक.

कोणतंही घ्या, घडीचं गणित तेच. आत जाणारी पट्टी जरा अरुंद लागते, नाहीतर कागद फुगतो. आतल्या बाजूने डावीकडून १००, १००, ९७ मिमी. बाहेरच्या बाजूने ९७, १००, १००. आणि प्रेसला पीडीएफच द्यायची, "टाइप करू नका, हीच छापा" असं सांगून. ती पीडीएफ कोरलमध्ये उघडून मात्रा इकडेतिकडे उडाल्या, तर कॅनव्हातून उतरवताना 'फ्लॅटन'वर (पान एकसंध चित्रासारखं करणारा पर्याय) खूण करायची. मग अक्षरं हलत नाहीत.

भावाने कॅनव्हाचं फुकट खातं घेतलं. प्रूफ आलं तेव्हा भिंग घेऊन आधी 'ळ' शोधला, मग 'ऱ्या'. दोन्ही जागच्या जागी. दरपत्रकात मात्र एक शून्य कमी होतं, आणि तिथलं टायपिंग त्याचं स्वतःचं होतं.