वाळूचं वय काढून देणारी ओएसएल सेवा: वाळवंटातल्या प्रागैतिहासिक कामासाठी कितपत उपयोगी?

वाळवंटातल्या अश्मयुगीन वस्त्यांवर पीएचडी करताना कोळसा, हाडं फारशी हाती लागत नाहीत. लागली तरी कार्बन-14 साधारण 50,000 वर्षांपलीकडे जात नाही. मग प्रयोगशाळांच्या ओएसएल (कणांवर प्रकाश टाकून त्यांत साठलेली ऊर्जा मोजणाऱ्या) कालमापनाला फारसा पर्याय राहत नाही. क्वार्ट्झच्या (वाळूतल्या गारेच्या) कणावर शेवटचं ऊन कधी पडलं, ते यात मोजतात: उन्हाने कणातली ऊर्जा निघून जाते, पुढे गाडला गेल्यावर आसपासच्या मातीतल्या किरणोत्साराने ती पुन्हा साठते, आणि साठलेल्या ऊर्जेला वार्षिक दराने भागलं की वय मिळतं. वाऱ्याने उडत आलेल्या वाळूला ऊन भरपूर मिळालेलं असतं, म्हणून टेकड्यांवर ही पद्धत उत्तम चालते. राजस्थानात थरच्या वाळवंटातल्या डीडवाण्याच्या 16आर नावाच्या टेकडीचा कालक्रम लावण्यात याच जातीच्या मापनांचा मोठा वाटा आहे.

सेवा चांगली असूनही निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा नमुना घेताना. साधारण 5 सेंमी व्यासाचा, 20-25 सेंमी लांबीचा स्टीलचा पाइप थरात आडवा ठोका आणि गच्च भरू द्या. अर्धवट भरला तर प्रवासात वाळू हलते आणि टोकाचे उजेड लागलेले कण आतल्या कणांत मिसळतात. बाहेर काढताच दोन्ही तोंडं काळ्या टेपने बंद करा. टोकांची 2-3 सेंमी वाळू वयासाठी बाद होते, पण किरणोत्साराचा वार्षिक दर काढायला तीच वापरतात. गॅमा किरण सुमारे 30 सेंमी अंतरावरून येतात, त्यामुळे थराच्या सीमेजवळून नमुना घेतल्यास शेजारच्या थराची मातीही पाठवा. ओलाव्यासाठी वेगळी हवाबंद पिशवी हवीच. पाणी किरण शोषतं. ओलावा 1 टक्क्याने जास्त धरला की वय साधारण तेवढंच वाढतं.

अहवालात नुसती सरासरी आली तर ती स्वीकारू नये. प्रत्येक उपनमुन्याचं मूल्य मागून घ्या. आकडे फार विखुरलेले असले तर किड्यांच्या बिळांतून थर मिसळल्याची शंका घ्यावी. क्वार्ट्झ साधारण 150-200 ग्रेच्या (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणोत्साराचं एकक) पुढे भरून जातं, आणखी ऊर्जा साठवत नाही; तिथे फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजावरची चाचणी मागावी.

अंधाऱ्या खोलीत चाळणं, आम्लात धुणं, घनतेने कण वेगळे करणं यात महिने जातात. प्रबंधासाठी पहिल्याच हंगामात नमुने पाठवणं शहाणपणाचं. उघड्यावर पसरलेल्या अवजारांसाठी मात्र ही सेवा घेऊ नका: वारा वाळू उडवून नेतो, वेगवेगळ्या काळांची अवजारं एकाच पृष्ठावर येऊन बसतात आणि खालच्या वाळूचं वय त्यांचं वय ठरत नाही.