न्यूझीलंडमधील चित्रीकरणस्थळांची सहल आणि ‘खास परवानगी’च्या नावाखाली झालेली फसवणूक

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटत्रयीतील निसर्ग प्रत्यक्ष पाहण्याच्या ओढीने न्यूझीलंडला जाणाऱ्यांसाठी सहली आखणारे अनेक व्यावसायिक आहेत आणि त्यांतले बहुतेक जण चोख काम करतात. आम्ही ज्याच्याकडे पैसे भरले त्याचे नाव इथे देत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण ती नेमकी या प्रकारच्या पर्यटनासाठीच बेतलेली होती.

त्याच्या संकेतस्थळावर दोन्ही बेटांवरील स्थळे, वाहन, मार्गदर्शक, ‘सर्व प्रवेशशुल्के आणि खास परवानग्या’ असे एकत्रित पॅकेज होते. छायाचित्रांत कँटरबरीतील माउंट संडे या टेकडीवर चित्रपटातला राजवाडा दिमाखात उभा होता. वस्तुतः ते बांधकाम चित्रीकरण संपल्यावर पूर्णपणे उतरवण्यात आले आणि आज त्या टेकडीवर गवत, खडक आणि जोरदार वारा एवढेच आहे. त्रयीतील बहुतेक ठिकाणी हीच स्थिती आहे. याला मोठा अपवाद माटामाटाजवळच्या हॉबिटनचा, म्हणजे चित्रपटातल्या हॉबिट या बुटक्या लोकांच्या गावाच्या सेटचा. तिथला 1999 सालचा मूळ सेटही तात्पुरत्या साहित्याचा होता, पण पुढच्या चित्रपटांच्या वेळी तो टिकाऊ साहित्यात नव्याने बांधला गेला, म्हणून तो आजही पाहता येतो. माउंट संडेवर राजवाडा दाखवून जो सहल विकतो, तो चित्रपटातले चित्र विकत असतो, जागा नव्हे.

पहिला धक्का हॉबिटनलाच बसला. हा सेट एका खासगी शेतजमिनीवर असून, आधी तिकीट काढून त्यांच्याच मार्गदर्शकासोबत, त्यांच्याच बसने आत जावे लागते. रस्त्यावरून तो दिसतही नाही. आमच्या हाती दिलेल्या पावतीवर नोंदणी क्रमांक होता, परंतु तिकीटखिडकीवरील कर्मचाऱ्यांनी तो तपासून, असा क्रमांक त्यांच्या यंत्रणेत नसल्याचे अतिशय सौजन्याने सांगितले. आमचा चालक तोवर वाहनतळावर, ‘कंपनी परतावा देईल’ एवढेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिला. त्या दिवसाच्या सर्व फेऱ्या भरलेल्या होत्या. सोबतची मुले दारातून परत फिरली, याचा राग अजून गेलेला नाही.

वेलिंग्टनजवळच्या काइटोके रीजनल पार्कमध्ये, जिथे चित्रपटातल्या एल्फ या अमर लोकांच्या दरीची दृश्ये चित्रित झाली, माणशी ‘परवाना शुल्क’ रोख मागण्यात आले. हे उद्यान तिथली प्रादेशिक परिषद सांभाळते आणि ते सर्वांना विनाशुल्क खुले आहे.

टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात जे घडले ते मात्र पैशांच्या पलीकडचे आहे. चित्रपटातील अग्निपर्वत म्हणून दाखवलेल्या, 2291 मीटर उंचीच्या न्गाउरुहोए शिखरावर ‘मार्गदर्शकासह आरोहण’ आम्हाला विकले गेले होते. हे आणि उद्यानातली इतर शिखरे तिथल्या न्गाती तुफारेतोआ या माओरी समाजासाठी पवित्र आहेत. 1887 मध्ये त्यांचे प्रमुख तेहेउहेउ तुकिनो यांनी ती राष्ट्राच्या स्वाधीन केली आणि त्यातूनच हे राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. शिखरांवर चढू नये अशी विनंती उद्यानाकडून स्पष्टपणे केली जाते. तिथे पायथ्याशी येणाऱ्या एका स्थानिक शटलचालकाने आम्हाला हे समजावून सांगितले, तेव्हा यजमानांच्या देवस्थानाचा अवमान करण्याचे पैसे आमच्याकडून घेतले गेले होते हे लक्षात आले. आम्ही आरोहण नाकारले. शिवाय चित्रपटात त्या पर्वताच्या उतारांवर घडणारी बरीच दृश्ये शेजारच्या रुआपेहूवर चित्रित झालेली आहेत आणि टोंगारिरोची प्रसिद्ध एकदिवसीय पायवाट स्वतःहून चालता येते.

दक्षिण बेटावरील दुसऱ्या चालकाने महामार्गालगतची एक टेकडी दाखवून ‘हीच ती’ असे सांगितले. खऱ्या माउंट संडेकडे जाण्यासाठी हाकातेरेपासून पुढे खडीच्या रस्त्याने बराच आत प्रवास करावा लागतो, त्यानंतर झऱ्यांवरील पूल ओलांडत चालत जावे लागते, आणि अनेक प्रवाहांत विभागलेल्या रंगिटाटा नदीच्या रुंद खोऱ्यात ती टेकडी एकटी उभी दिसते. ते खोरे एकदा नकाशात पाहिलेल्या माणसाला महामार्गालगतची टेकडी पटणे शक्य नाही. आम्ही नकाशा पुढे केला तेव्हा चालकाने ‘आत जायला खास परवानगीचे वेगळे पैसे पडतील’ असे उत्तर दिले. ती टेकडी सार्वजनिक संवर्धनक्षेत्रात आहे आणि पायी फिरणाऱ्याला तिथे असे शुल्क भरावे लागत नाही.

खरी परवानगी लागते ती पर्यटकाला नव्हे, तर त्याला पैसे घेऊन फिरवणाऱ्याला. संवर्धनक्षेत्रात व्यावसायिक मार्गदर्शन करण्यासाठी तिथल्या संवर्धन विभागाची ‘कन्सेशन’ नावाची व्यावसायिक परवानगी आवश्यक असते. त्यामुळे विक्रेत्याने ‘खास परवानगी’ हा शब्द उच्चारताच त्याच्याकडे स्वतःचा परवाना मागावा. भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या चालकाच्या लायसन्सवरही प्रवासी वाहतुकीची वेगळी नोंद असावी लागते. कंपनीचे नाव न्यूझीलंडच्या सरकारी कंपनी नोंदणीत विनामूल्य शोधता येते. हॉबिटनची नोंदणी दुसऱ्याने केली असेल, तर निघण्यापूर्वी तो क्रमांक थेट तिथे पाठवून खातरजमा करून घ्यावी.

उरलेल्या रकमेसाठी विक्रेत्याने बँक हस्तांतरणाचा आग्रह धरला होता आणि तो का, हे नंतर उमगले. कार्डावर भरलेली आगाऊ रक्कम बँकेकडे वाद नोंदवल्यावर आम्हाला परत मिळाली. हस्तांतरित केलेली मिळाली नाही. दिशाभूल करणारी जाहिरात न्यूझीलंडच्या 1986 च्या फेअर ट्रेडिंग कायद्याखाली बेकायदा आहे, तिची तक्रार कॉमर्स कमिशन या सरकारी नियामक संस्थेकडे करता येते आणि ती आम्ही केली आहे. छोट्या दाव्यांसाठी वकिलाविना चालणारे डिस्प्यूट्स ट्रिब्युनलही आहे, मात्र दावा कोणावर करायचा त्याचे कायदेशीर नाव आणि पत्ता हाती असावा लागतो. आमच्या पावत्यांवर केवळ एक व्यापारी नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक होता, आणि तो क्रमांक आता बंद आहे.