फ्लोटिंग शेल्फ की ब्रॅकेटची फळी? आधी भिंत कसली ते बघा

घराचं काम निघालं की सुताराला मोबाइलवर तोच फोटो दाखवला जातो. पांढरी भिंत, तिच्यावर आधाराशिवाय टेकलेली फळी, वर तीन पुस्तकं आणि एक इवलीशी कुंडी. 'ब्रॅकेट दिसायला नको' एवढीच अट. दिसायला फ्लोटिंग शेल्फ देखणं आहे, यात वाद नाही. पण त्या देखणेपणाची किंमत भिंत मोजते.

साधा हिशेब करू. तीन फूट लांब, आठ इंच खोल फळी कादंबऱ्यांनी गच्च भरली तर वजन 20 किलोच्या आसपास जातं. हे वजन भिंतीपासून सरासरी चार इंचांवर असतं. ब्रॅकेटची उभी पट्टी सहा इंचांची असेल, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारा जोर सगळा मिळून 13-14 किलो भरतो. फ्लोटिंग फळीच्या पोटातली पट्टी मात्र जेमतेम दीड इंच उंच. स्क्रूपासून तिच्या खालच्या कडेपर्यंत इंचभर जागा, म्हणून तोच जोर 80 किलोच्या घरात जातो. फळी तीच, पुस्तकंही तीच!

आता हा जोर तुमची भिंत सोसते का, ते ड्रिलमधून पडणारी भुकटी सांगते. लाल पडली तर विटा. इथे दोन्ही प्रकार चालतात, फक्त प्लग (स्क्रू धरून ठेवणारी भोकातली नळी) प्लास्टर ओलांडून विटेत चांगला दोन इंच गेला पाहिजे. नुसतं प्लास्टर काही धरत नाही. मायवान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या नव्या टॉवरमध्ये भिंतच काँक्रीटची असते. तिथे साधं ड्रिल नुसतं किंचाळतं, रोटरी हॅमर लागतो. पण एकदा भोक पडलं की त्यासारखी पकड नाही.

खरी गोम एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतीत आहे. बिट लोण्यात गेल्यासारखं आत जातं, पांढुरकी भुकटी पडते आणि आपल्याला वाटतं, वा, किती सोपं काम! मलाही वाटलं होतं. नेहमीचे नायलॉन प्लग ठोकून मी हौसेने फ्लोटिंग फळी लावली, वर शब्दकोश मांडले. महिन्याभरात फळीने मान खाली घातली. स्क्रू निघाले नव्हते, ब्लॉक आतल्या आत भुगा होत होता. या भिंतीसाठी खास मिळणारे लांब प्लग घ्या, आणि तरीही पुस्तकांसाठी ब्रॅकेटच लावा. जिप्समच्या पार्टिशनवर तर आतून प्लाय ठोकलेला नसेल, तर फ्लोटिंगचा विषयच नको.

भिंत कसलीही असो, स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नका. वायरी बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात.

स्वयंपाकघरात माझं मत एकतर्फी आहे: ब्रॅकेट. तयार मिळणारी फ्लोटिंग शेल्फं बऱ्याचदा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेली), आतून पोकळ असतात. कुकरची वाफ आणि कोकणातला एक पावसाळा यांत त्यांच्या कडा फुगतात. त्यापेक्षा 19 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, कडांना पट्टी, आणि दर दोन-अडीच फुटांवर ब्रॅकेट. डाळींचे डबे निर्धास्त ठेवा. फोडणीचा चिकट थर दोन्हींवर बसतोच, म्हणून गॅसच्या अगदी शेजारची भिंत मोकळी सोडलेली बरी.

भाड्याच्या घरात असाल तर भोकांच्या बाबतीत दोन्ही सारखीच. घरमालकाची परवानगी दोन्हींना लागते.

हॉलमध्ये मात्र मी फ्लोटिंगला मत देईन. तिथे वजन नसतं, नजर असते. सहा-आठ इंच खोली पुरते. एका टोकाला आजीचा पितळी तांब्या, दुसऱ्या टोकाला आडवी ठेवलेली दोन-तीन पुस्तकं, आणि मध्ये चक्क रिकामी जागा. ती रिकामी ठेवणंच अवघड जातं, कारण आपल्याकडे मोकळी फळी दिसली की तिथे औषधाची पाकिटं, चार्जर आणि लग्नपत्रिका आपोआप येऊन बसतात. ब्रॅकेटच्या फळीवर हा पसारा खपून जातो. फ्लोटिंगवर तो भिंतीवर टांगल्यासारखा दिसतो. घरात असा पसारा करणारी मंडळी असतील (आमच्याकडे आहेत), तर फळी बसलेल्या माणसाचा हात पोचणार नाही इतकी वर लावा, सोफ्यावर मान मागे टाकली तर डोकं आपटणार नाही हा वरचा फायदा.