वर पाच इंच माती, खाली सात इंच रॅबिट: गच्चीवरच्या गादीवाफ्यांची फसवणूक

ऐरोलीतल्या एका रो-हाउसच्या गच्चीवर २० बाय १२ फुटांचं ग्रीनहाऊस आणि आत चार गादीवाफे, एवढंच काम. प्रत्येक वाफा ८ फूट लांब, ३ फूट रुंद, १ फूट उंच. ठेकेदाराने ७० टक्के रक्कम आगाऊ घेतली, तीसुद्धा फर्मच्या खात्यावर न घेता कुणा तिसऱ्याच्याच यूपीआयवर. ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ ही बोली होतीच. पहिल्याच पावसाळ्यात टोमॅटोची रोपं पिवळी पडली, एका वाफ्याची लांब फळी मधोमध पोट काढून बाहेर आली आणि खालच्या बेडरूमच्या छताला ओल धरली. फोन लागेना. ठेकेदाराचं नाव इथे देत नाही आणि देऊन उपयोगही नाही, या धंद्यात व्हिजिटिंग कार्ड हंगामागणिक बदलतं. पद्धत मात्र ठाणे-नवी मुंबईत सगळीकडे तीच दिसते, म्हणून ती सुटी करून मांडतो.

कोटेशन एका पानाचं होतं. ‘ट्रीटेड वुडचे चार बेड, माती-खत मिक्स भरून. हेवी जीआय स्ट्रक्चर. यूव्ही फिल्म. ड्रिप. लमसम.’ फिल्मची जाडी म्हणजे मायक्रॉन नाही, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा क्लास नाही, मातीचे घनफूट नाहीत. ज्या ओळीत आकडा नाही त्या ओळीतला माल ठेकेदाराच्या मर्जीचा, हे धरूनच चालायचं.

आधी मातीचा हिशेब. चार वाफ्यांचं क्षेत्रफळ ९६ चौरस फूट. एक फूट भरायचं तर ९६ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक ब्रास. एका घनफुटात २८.३ लिटर बसतात, तेव्हा मिश्रण लागणार सुमारे २,७०० लिटर. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत ३५ लिटर मावतात, त्या मापाने ७७-७८ गोण्या, त्याही शिगोशीग. आल्या ६०, अर्ध्याच्या थोड्या वर भरलेल्या आणि सुतळीने अगदी तोंडाशी बांधलेल्या. गोणीला २० लिटर धरले तर १,२०० लिटर होतात. ते ९६ चौरस फुटांवर पसरले की थर बसतो पाच इंचांच्या आसपास. वाफे उकरून टेप लावली तेव्हा तेवढाच थर निघाला. त्याखाली सात इंच विटांचे तुकडे, प्लास्टरच्या खपल्या, फुटक्या टाइल्स आणि मधेमधे थर्माकोल. कुणाच्या तरी घरदुरुस्तीचं रॅबिट, म्हणजे मलबा. ते उचलून न्यायचे पैसे एकाकडून घ्यायचे आणि ‘ड्रेनेज लेयर’ म्हणून दुसऱ्याला विकायचं, असा हा दुहेरी धंदा.

हे पकडायला उकरायची गरज नाही. आठ मिलिमीटरची सळई घ्या आणि वाफ्यात चार-पाच ठिकाणी सरळ खाली दाबा. चांगल्या मिश्रणात ती ओल्या मातीतून तळापर्यंत हाताच्या जोरावर जाते. पाच इंचांवर खट्‌कन अडली आणि सरकवून बघितली तरी तिथेच अडली, तर खाली काय आहे ते कळलं. ही तपासणी शेवटचा हप्ता देण्याआधी करायची. रोपं लागल्यावर कुणी सळई खुपसत नाही आणि ठेकेदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

रोपं पिवळी का पडली? प्लास्टर आणि सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, मातीचा सामू (पीएच) ८ च्या वर जातो आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. खूण अशी: कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर ती बहुधा नत्राची कमतरता, तिथे खताने भागतं. चुन्याच्या पिवळेपणावर कितीही शेणखत ओता, ढिम्म फरक पडत नाही, आणि ठेकेदार नेमकं तेच ओतायला सांगतो कारण खतही त्याच्याचकडे असतं. मातीत चुना आहे का ते घरीच कळतं. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. कोकणातली लाल माती मुळात आम्लधर्मी, तिच्यात चुनखडी नसते. बुडबुडे येऊन फसफसलं तर बांधकामाचा माल मिसळलेला आहे.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट बघावी लागते. खाडीलगतच्या खोदाईतली माती ‘गार्डन सॉइल’ म्हणून फिरते आणि ती खारट असते. वरून कळत नाही, वाळल्यावर कधीकधी पांढरी साय धरते. कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत सामू आणि क्षारता, म्हणजे ईसी, तपासून घ्या. ईसी १ च्या आत असावा. कोकोपीट न धुतलेलं असेल तर तेही क्षार वाढवतं. पाच किलोची वीट भिजून साधारण ६५ ते ७५ लिटर होते. कुणी १०० लिटर धरून हिशेब दाखवत असेल तर तो हिशेब परत करा. गांडूळखताला वजनाची कसोटी लावा. त्याची घनता लिटरला ०.७ ते ०.९ किलो आणि ओल १५ ते २५ टक्के असायला हवी. म्हणजे ५० किलोचं पोतं ५५ ते ७० लिटरचं, चांगलं फुगीर दिसलं पाहिजे. सिमेंटच्या गोणीएवढ्या पोत्यात ५० किलो भरत असेल तर आत माती नाहीतर वाळू आहे.

एक गोष्ट ठेकेदाराच्या बाजूची सांगायला हवी. भुसभुशीत भरलेलं मिश्रण दोन-तीन पाण्यांत दोन-तीन इंच बसतंच, ती चोरी नव्हे. म्हणून ‘दोन आठवडे पाणी दिल्यानंतर माती काठाच्या एक इंच खाली’ असं आधीच लिहून घ्यायचं आणि वरचा भर त्याच दरात धरायचा.

लाकडाची गंमत जास्त कसबी होती. फळ्या पाइनच्या, वरून तपकिरी पॉलिश. मालकांनी विचारलं तेव्हा ठेकेदाराने एका फळीवरचा छाप दाखवला: चौकटीत गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, एक नंबर आणि शेवटी ‘एचटी’. ‘बघा, इंटरनॅशनल ट्रीटमेंट.’ छाप खरा होता. तो परदेशातून माल घेऊन येणाऱ्या पॅलेटवर असतो. त्यातल्या ‘एचटी’चा अर्थ एवढाच की लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवला, जेणेकरून या देशातली कीड त्या देशात जाऊ नये. कुजण्यापासून किंवा वाळवीपासून त्याने कसलंही संरक्षण मिळत नाही. न्हावा-शेवा बंदर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सुटे केलेले पॅलेट या भागात मुबलक आणि स्वस्त. फळ्यांवर खिळ्यांची भोकं ठरावीक अंतरावर होती आणि ती लांबीने (पुटीने) भरून वरून रंग मारला होता. नखाने खरवडलं की लांबी सुटते. ग्रीनहाऊसच्या दमट हवेत, एका बाजूने सतत ओल्या मातीला टेकलेलं असं पाइन एक-दोन पावसाळ्यांत मऊ पडतं.

रसायन दाबाने मुरवलेलं लाकूड ओळखायचं तर फळीचं टोक समोर कापून घ्यायचं. तांब्याचं रसायन असेल तर हिरवट झाक कापाच्या आतपर्यंत दिसते. वरवर फासलेलं असेल तर आत कोरं पिवळं लाकूड. अशा लाकडात भाजी लावणार असाल तर आतून लायनर हवंच. खरं तर गच्चीवर लाकडाचा अट्टहास कशाला हेच कळत नाही. जीएसएम (चौरस मीटरचं वजन) लिहिलेल्या एचडीपीई या प्लास्टिकच्या कापडाचे आयताकृती वाफे किंवा जीआय अँगलच्या फ्रेममध्ये सिमेंट बोर्ड, दोन्ही हलके पडतात आणि जास्त टिकतात.

पोट सुटलेल्या फळीचं कारण वेगळं. आठ फूट लांबीला मध्ये एकही आडवा ताण दिला नव्हता. ओल्या मातीचा रेटा बाजूला असतो, म्हणून दर चार फुटांवर दोन्ही फळ्या पट्टीने किंवा थ्रेडेड रॉडने एकमेकींना बांधाव्या लागतात. स्क्रू काळे, जिप्समच्या कामातले होते. दमट हवेत ते गंजून मान तुटते. एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचे मागा आणि लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर ते ३०४ नव्हे.

आता सांगाडा. २५ मिमीच्या जीआय पाइपचा बाहेरचा व्यास कुठल्याही क्लासला ३३-३४ मिमीच असतो. फरक आतून, भिंतीच्या जाडीत. त्यामुळे उभ्या केलेल्या सांगाड्याकडे बघून काही कळत नाही. बी क्लासला जाडी ३.२ मिमी आणि सहा मीटरच्या नगाचं वजन साडेचौदा किलोच्या आसपास. ए क्लासला २.६ मिमी आणि १२ किलो. इथे निघालेली ट्यूब १.६ मिमीची, म्हणजे नग आठ किलोचाही नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल वजनावर विकला जातो, तेव्हा ठेकेदाराकडे काट्याची पावती असतेच. ती बघायला मागा. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंकचा प्रायमर लागतो. त्याऐवजी सिल्व्हर रंग फासला की खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात सांधेच आधी गंजतात.

फिल्मला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. २०० मायक्रॉनच्या पॉलिथिनचा ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा ४६ ग्रॅम भरतो. इथला २८ भरला, म्हणजे १२० मायक्रॉन. उन्हापासून वाचवणारं यूव्ही संरक्षण फिल्ममध्ये आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. उत्पादकाचं बिल आणि वॉरंटी एवढाच त्याचा पुरावा. साधं प्लास्टिक काही महिन्यांत कडक होऊन तडकतं, तेही पाइपवर टेकलेल्या रेषेत सगळ्यात आधी. चारही बाजू फिल्मने बंद करणं हा तर अडाणीपणा. ठाण्याच्या उकाड्यात आत भट्टी होते. वर फिल्म, बाजूला ४० मेशची कीटकरोधक जाळी आणि माथ्याला हवा जायला फट, असंच इकडे चालतं.

आणि गच्ची. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, धरलेला भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो आहे. पाच इंच ओली माती आणि सात इंच रॅबिट यांचा भार ४५० च्या पुढे जातो. माती, कोकोपीट, कंपोस्ट समप्रमाणात घेतलं तरी एक फुटाला ओलं असताना ३०० च्या आसपास. ठेकेदार सगळ्या गच्चीची सरासरी काढून ‘बसतंय’ म्हणून दाखवतो, पण स्लॅबला सरासरी कळत नाही, वजन जिथे ठेवलंय तिथेच तो वाकतो. वाफे कुठे ठेवायचे आणि किती खोल करायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, माळ्याने नव्हे. पालेभाज्यांना आठ इंच पुरतात.

ओल आली ती मात्र वजनामुळे नाही. खांबांच्या बेसप्लेटसाठी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या ब्रिकबॅट कोब्यातून आरपार अँकर बोल्ट मारले होते, वाफे थेट लादीवर बसवले होते आणि पाण्याचा उतार अडला होता. साचलेल्या पाण्याने बोल्टची भोकं शोधली. वाफ्याखाली चार-सहा इंच मोकळी जागा हवी, तळाला ड्रेन सेल (निचऱ्याच्या प्लास्टिकच्या जाळ्या) आणि त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी सोडणारं कापड. खांब कोब्यात घुसवण्याऐवजी एकसंध बेस फ्रेमवर उभे करून पॅरापेटला बांधता येतात. वाऱ्याचं गणित त्याच इंजिनिअरकडून करून घ्या.

ड्रिपमध्ये चोरी लहान, मनस्ताप मोठा. ताशी चार लिटरचे ड्रिपर लावले, पण पाणी सहा फूट उंचीच्या टाकीतून. ड्रिपरवर लिहिलेला प्रवाह दहा मीटर उंचीच्या दाबाला मोजलेला असतो. सहा फुटांवर तो निम्म्याहूनही कमी होतो. ड्रिपरखाली १५ मिनिटं भांडं धरलं तर एक लिटरऐवजी चारशे-साडेचारशे मिली पाणी जमतं. छोटा पंप किंवा कमी दाबाचा संच कोटेशनमध्येच हवा. फिल्टर आणि शेवटाला फ्लश करायची टोपी नसेल तर महिन्याभरात अर्धे ड्रिपर तुंबतात.

पैसे चार टप्प्यांत द्या: माल उतरल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, रिकामे वाफे टेपसकट फोटो काढून झाल्यावर आणि दोन आठवडे पाणी दिल्यानंतर. मुरबाड-शहापूरकडे शेतजमीन असेल, तिथे ग्रीनहाऊस उभारायचं असेल आणि कुणी ‘अनुदान मिळवून देतो, आधी काम उरकून घेऊ’ म्हणाला तर थांबा. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर स्वतः अर्ज करायचा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. आधी केलेल्या कामाला अनुदान मिळत नाही.

फसवणूक झालीच असेल तर काहीही हलवण्याआधी फोटो, सळईचा आणि काट्यावरचा व्हिडिओ, इंजिनिअरचा लेखी अहवाल. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, मग रजिस्टर नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं कोटेशन चालतं, फक्त त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा आणि मूळ फोन जपून ठेवा.

पुरावे घेऊन झाले की वाफे रिकामे करा. रॅबिट महापालिकेच्या बांधकाम-मलब्याच्या व्यवस्थेत द्यायचं, खाडीत नाही. वरची पाच इंच माती बारीक चाळणीतून काढा, पुन्हा व्हिनेगर लावा. फसफसली नाही तर ती वापरण्याजोगी आहे. एप्रिल-मे महिन्यात ओली करून सहा-आठ इंच जाडीत पसरा आणि ग्रीनहाऊसवरून उतरवलेली १२० मायक्रॉनची फिल्म, धड असेल तेवढी, कडा दाबून चार ते सहा आठवडे वर ताणून ठेवा. त्या उन्हाने बुरशी आणि सूत्रकृमी बऱ्यापैकी मरतात. छपराला ती फिल्म कुचकामी होती, या कामाला मात्र चालते.