दीड तास शिजणारा श्रावण घेवडा: साताऱ्याच्या मंडईतली कुठली शेंग घ्यावी

श्रावण घेवड्याची भाजी म्हणजे आपल्याकडे वीस मिनिटांचं काम. शेंगा बारीक चिरायच्या, फोडणीला टाकायच्या, झाकणावर पाणी ठेवून वाफवायच्या आणि वरून ओलं खोबरं नाहीतर दाण्याचं कूट. रंग हिरवा राहिला, दाताखाली थोडी करकर राहिली की भाजी जमली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, टेनेसी, केंटकी, जॉर्जिया, अलाबामा या पट्ट्यात, हीच शेंग नेमकी उलटी शिजवतात. खारवलेलं किंवा धुरी दिलेलं डुकराचं मांस, कांदा, बेताचं पाणी आणि मंद आच. एक तास, दीड तास, काही घरी त्याहूनही जास्त. शेंग पार लुसलुशीत होते, रंग शेवाळी होतो आणि तळाशी उरलेला रस इतका चवीचा असतो की तिकडे त्याला ‘पॉट लिकर’ असं स्वतंत्र नाव आहे. मक्याचा पाव त्यात बुडवून खातात. मुख्य जेवण तळलेल्या कोंबडीचं किंवा मांसाचं असतं आणि हा घेवडा त्याच्या बाजूला वाढतात.

या पदार्थाची कृती फार सोपी आहे, पण तो साताऱ्यात बिघडतो तो शेंगेमुळे. म्हणून हे परीक्षण शेंगेचंच आहे. राजवाड्याजवळच्या मंडईत आणि मोठ्या दुकानांच्या फ्रीजरमध्ये श्रावण घेवडा चार रूपांत हाती लागतो. चौघांनाही मापं आणि पातेलं तेच, कसोटी एकच: लांब शिजवणं कोण सोसतं आणि रसाला चव कोण देतं. निकाल आधीच सांगायचा तर, भाजीसाठी निवडताना आपण जी शेंग जून म्हणून बाजूला सारतो तिचा इथे पहिला नंबर लागतो.

घेताना नावाचा घोळ टाळा. नुसतं ‘घेवडा’ म्हटलं तर काही विक्रेते वालाच्या जातीची चपटी, रुंद शेंग पुढे करतात. ती वेगळ्या प्रजातीतली, तिचा वास उग्र, आणि तासाभरात रसाला कडवटपणा येतो. ‘श्रावण घेवडा’ किंवा ‘फरसबी’ असंच मागा.

मापं अशी. शेंगा अर्धा किलो. देठ, शेपूट आणि शिरा काढल्यावर सव्वाचारशे ते साडेचारशे ग्रॅम उरतात. मोठा कांदा एक, उभा जाड चिरलेला. शेंगदाणा तेल दोन टेबलस्पून. पाणी सहाशे मिली, म्हणजे शेंगा जेमतेम बुडतील इतकंच. मीठ एक टीस्पून, पण ते अर्धा वेळ झाल्यावर. जाडसर कुटलेली मिरी अर्धा टीस्पून, एक सुकी लाल मिरची अख्खी, सुपारीएवढा गूळ. तिकडेही बरेच जण चिमूटभर साखर टाकतात, तेव्हा गुळाला बिचकू नका. लहान बटाटे अडीचशे ग्रॅम, तेही सालासकट. शेंगा सुरीने चिरू नयेत. हाताने दीड-दोन इंचाचे तुकडे मोडावेत. मोडताना शीर आपोआप ओढली जाते आणि हाताला लगेच कळतं की शेंग कोवळी आहे की जून.

आता शेंगा एकेक.

पहिली, बारीक गोल, बिनशिरेची, पेन्सिलीहून सडपातळ शेंग. ही दिसायला सगळ्यात देखणी आणि भावालाही चढी. चायनीजच्या गाड्यांना आणि पुलावाला हीच लागते, आणि तिथे ती उत्तमच आहे. मंद आचेवर मात्र पंचवीस मिनिटांत मऊ होते, चाळीस मिनिटांत तिची साल सुटते आणि तासाभरात पातेल्यात हिरवट लगदा उरतो. आत दाणा भरलेला नसतो, म्हणून रसालाही अंग येत नाही. या पदार्थासाठी घेऊ नये. घरात हीच असेल तर अर्ध्या तासात उतरवा, पण मग तो दक्षिणी घेवडा म्हणता येणार नाही.

दुसरी, ‘कंटेंडर’ वाणाची जरा जाड, गोलसर, किंचित वाकडी, मांसल शेंग. महाराष्ट्रात हे वाण मोठ्या प्रमाणावर लागतं. गंमतीचा योग असा की ते मुळात दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या सरकारी भाजीपाला केंद्रात तयार झालं आणि १९४९ मध्ये बाजारात आलं. म्हणजे जिथला हा पदार्थ तिथलीच ही शेंग. कोवळी तोडलेली पन्नास मिनिटं तग धरते. थोडी उशिरा तोडलेली, दाण्यांचे उंचवटे बाहेरून दिसू लागलेली मिळाली तर सव्वा तासही आरामात. शीर जवळजवळ नसते, त्यामुळे निवडायला दहा मिनिटं पुरतात. वर्षभर भरवशाने मिळणाऱ्यांत हीच सर्वांत चांगली, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने हिच्यापासूनच सुरुवात करावी.

तिसरी, गावठी. आखूड किंवा वेड्यावाकड्या लांबीची, काहीशी चपटी, दोन्ही कडांना दोरासारखी शीर आणि आत टचटचीत दाणे. ही आसपासच्या गावांतून येणाऱ्या बायकांच्या पाटीत मिळते, आडत्याच्या गाळ्यावर क्वचित. बहुतेक गिऱ्हाईक हिला नाकं मुरडतं, कारण वीस मिनिटांच्या भाजीत ही चामट लागते. पण दीड तासाच्या आचेवर हिच्यासारखी दुसरी नाही. दाणे पिठूळ होतात, त्यांचा स्टार्च रसात उतरून रस दाटतो, आणि साल मऊ होऊनही शेंग शेंगेच्या आकारात राहते. अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगराळ भागातले लोक आजही शिरेची, दाणे भरलेली शेंगच चवीची मानतात. बिनशिरेच्या शेंगा तिकडे आल्या त्या १८९० च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅल्विन कीनी यांनी पैदास केल्यावर. त्याआधी सगळ्याच शेंगांना दोर असायचा आणि लांब शिजवण्याची रीत त्याच शेंगांवर घडलेली आहे. हे कळलं की पहिली बारीक शेंग का हरते तेही कळतं.

गावठीचा दोष म्हणजे मेहनत. अर्धा किलो निवडायला पाऊण तास धरा. शीर दोन्ही बाजूंनी काढायचीच. एक जरी राहिली तर दोन तासांनीही ती दोऱ्यासारखी दातात अडकते. शीर शिजत नाही. दुसरं, जून आणि निबर यातला फरक ओळखा. शेंग वाकवली की मोडली पाहिजे. नुसतीच लवली आणि सोलल्यावर आतून कागदासारखा पापुद्रा निघाला, तर त्या शेंगेची साल कधीच मऊ होणार नाही. ती फेकायची नाही, सोलून दाणे पातेल्यात टाकायचे. शेंगा आणि सुटे दाणे एकत्र शिजवण्याची पद्धत तिकडेही आहे, तिला ‘शेली बीन्स’ म्हणतात.

इथे साताऱ्याकडे एक हुकमाचा एक्का आहे. शेंग कंटेंडरची असेल आणि दाणा कमी असेल, तर कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, तोच फिकट गुलाबीवर तांबडे पट्टे असलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला, पन्नास ग्रॅम घ्या. आठ तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात वेगळा पूर्ण शिजवा आणि शेवटच्या वीस मिनिटांत शेंगांत घाला. रसाला जे अंग गावठी शेंग देते ते बऱ्याच अंशी असं मिळवता येतं. कच्चा घालू नका. त्याचं कारण पुढे आहे.

चौथं रूप फ्रोझन पाकिटाचं. या शेंगा आधीच उकळत्या पाण्यातून काढलेल्या असतात, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांत लोळागोळा होतात. चव पातळ. घाईच्या दिवशी भातात टाकायला ठीक, या कामाला नाही.

आता शिजवणं, कारण चांगली शेंग आणूनही ती दोन तासांनी कडकच राहिली ही तक्रार सर्रास असते आणि दोष शेंगेवर जातो. बहुतेक वेळा चूक पहिल्या दहा मिनिटांत झालेली असते. थंड पाण्यात शेंगा घालून बारीक गॅसवर हळूहळू तापवल्या, तर पाणी ५५ ते ७० अंशांच्या दरम्यान बराच वेळ रेंगाळतं. त्या तापमानाला शेंगेतलं एक एन्झाइम जागं होतं आणि पेक्टिन, म्हणजे शेंगेच्या पेशींना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ, कॅल्शियमशी घट्ट बांधलं जातं. एकदा ते बांधलं गेलं की मग कितीही उकळा, करकर राहतेच. मंद आच हवी, पण ती सुरुवातीला नाही. तेलात कांदा चांगला तांबूस परता, पाणी घाला, खळखळ उकळू द्या आणि मगच शेंगा, त्याही दोन-तीन वेळा करून टाका, म्हणजे उकळी मोडत नाही. पुढची दहा मिनिटं मोठा गॅस.

ही दहा मिनिटं गावठीला आणखी एका कारणासाठी टाळता येत नाहीत. राजम्याच्या कुळातल्या भरलेल्या दाण्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. ते कच्चं पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. खळखळत्या उकळीत ते मोडतं, कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवून मोडत नाही. म्हणूनच इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये कच्च्या जून शेंगा किंवा वाघ्या थेट टाकू नये.

दहा मिनिटांनी गॅस अगदी बारीक करा. पाण्यावर मधूनच एखादा बुडबुडा फुटला पाहिजे, बस्स. झाकण तिरपं. कंटेंडरला पन्नास मिनिटं ते सव्वा तास, गावठीला सव्वा ते दीड तास. शेवटच्या पंचवीस मिनिटांत बटाटे, त्याच वेळी मिरी. पाणी कमी पडलं तर गरमच घालावं. शेवटी शेंगांच्या उंचीच्या निम्मा रस राहायला हवा. त्याहून जास्त दिसला तर झाकण काढून आटवा.

टोमॅटो, चिंच, आमसूल यातलं काहीही आधी घालू नका. आंबटपणात शेंग मऊ होत नाही. आंबट हवंच असेल तर ताटात वाढल्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाचे चार थेंब. रंग शेवाळी होतो म्हणून सोडा टाकायचा मोह होतो. सोड्याने रंग टिकतो पण साल बुळबुळीत होते आणि ब जीवनसत्त्व जातं. हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून गेलं की हिरवी शेंग शेवाळी दिसते. या पदार्थाचा तोच खरा रंग आहे. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, शक्य असेल तर पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. महाबळेश्वर-पाचगणीकडे वेळ आणखी वाढवा. सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं उत्तम. बिडाची कढई आच छान धरते, पण दीड तास पाणी उकळल्यावर तिचा तेलाचा थर उतरतो आणि रस काळसर पडतो. कुकरमध्ये शेंग शिजते, पण रस आटत नाही, त्यामुळे चव एकवटत नाही. फारच घाई असेल तर गावठीला दोन शिट्ट्या देऊन वीस मिनिटं उघड्यावर आटवा.

मांसाचा प्रश्न उरतो. मूळ चव धुराची आणि चरबीची आहे. फ्रोझन बेकन मिळालं तर शंभर ग्रॅम तुकडे आधी कोरडे परतून त्यांची चरबी सोडवा, तेल घालू नका आणि मीठ निम्मं करा. मटणाची नळी दोनशे ग्रॅम पाऊण तास वेगळी उकळून तेच पाणी मापात वापरलं तर रस फार सुंदर होतो. शाकाहारी घरात कोळशाची धुरी द्यावी: वाटीत लाल निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, वाटी शेंगांवर ठेवून घट्ट झाकण. गॅस बंद केल्यावरच, कारण आधी दिली तर वास वाफेबरोबर उडून जातो. पाच मिनिटांच्या वर ठेवली तर कडू. कांदा-लसूण मसाला मात्र इथे नको. तो एक चमचाही पडला की घेवड्याची गोडसर चव सापडत नाही, उरते ती मसाल्याची आमटी.

उतरवल्यावर अर्धा तास तसंच राहू द्या, तेवढ्यात शेंगा रस पितात. सोबत कोंबडीचं सुकं असेल तर जोडी मूळ बेताच्या जवळ जाते. मक्याच्या पावाऐवजी ज्वारीची भाकरी वाटीतल्या रसात कुस्करावी. उरलं तर फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, फक्त बटाटे आधी संपवा. ते गार झाल्यावर रवाळ होतात.